‘टक्’ असा आवाज आला, त्यानंतरची चौदा वर्षं

अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज होता तो. मला वाटलं, माझा मलाच ऐकू आला. पण शेजारून धावणाऱ्या बचावपटूलाही तो ऐकू गेला होता, हे त्यानं पुढे कधीतरी चहाच्या टपरीवर सांगितलं. कुणी धक्का दिला नव्हता, कुणाचा पाय मध्ये आला नव्हता. उजव्या पायावर थांबून डावीकडे वळायचं होतं, एवढंच. बुटाचे स्टड मातीत रुतले, धड वळलं, पाय वळला नाही, गुडघा आतल्या बाजूला कलला आणि मी खाली बसलो.

मी कोल्हापूरचा. इथं फुटबॉल खेळायचो असं म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कुठल्या तालमीकडनं?’ असाच येतो. पेठापेठांतल्या तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियमवर भरणारी गॅलरी महाराष्ट्रात बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. मी त्या गॅलरीसमोर फारसा खेळलो नाही. खालच्या गटातला, नोकरी सांभाळून संध्याकाळी सरावाला येणारा, तेव्हा एकतीस वर्षांचा माणूस. म्हणजे हौशी खेळाडू. ज्याला संघाचा डॉक्टर नसतो, फिजिओ नसतो, आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं असतं.

बाहेर बसवल्यावर आण्णांनी गुडघा दाबून बघितला. प्रत्येक मैदानावर एक आण्णा असतातच. “काय न्हाई झालं, लचकलाय. आंबेहळदीचा लेप घाल, चोळून घे, आठ दिवसात पळतोस बघ.” रात्री दहापर्यंत गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली. सगळा गुडघा शहाळ्यासारखा गोल. पण आण्णांचं अर्धं खरं ठरलं. दहा-बारा दिवसांत सूज उतरली, चालता यायला लागलं, आणि तीन आठवड्यांनी नी-कॅप चढवून मी परत मैदानात गेलो. पहिल्याच वळणाला गुडघा सटकला. या वेळी आत काहीतरी अडकलं आणि पाय सरळच होईना.

पहिल्या दुखापतीचा दोष मी नशिबाला देतो. दुसरी मात्र निव्वळ माझ्या अडाणीपणाची होती, आणि आज चौदा वर्षांनी जो गुडघा दुखतो तो मुख्यतः त्या दुसऱ्या दिवसामुळे. हा सगळा लेख त्या तीन आठवड्यांत मला जे माहीत नव्हतं त्याबद्दल आहे.

आत नेमकं काय असतं

मांडीच्या हाडाचं खालचं टोक दोन गोल गाठींचं असतं. खाली नडगीच्या हाडाचा माथा जवळपास सपाट. म्हणजे पाटावर दोन नारळ ठेवावेत तशी रचना. नारळ घरंगळू नयेत म्हणून दोघांखाली एकेक चुंबळ आहे. डोक्यावर घागर घेताना बायका फडक्याची जी गोल चुंबळ ठेवतात ना, तशीच, फक्त पूर्ण गोल नाही, एका बाजूला उघडी. हिला डॉक्टर मेनिस्कस म्हणतात, बोलताना आपण ‘गादी’ म्हणतो. वरून येणारा भार पसरून देणं हे तिचं काम. चुंबळ फाटली की घागरीचा भार एकाच जागी टोचतो. गुडघ्यात तो हाडावरच्या गुळगुळीत कूर्चेला टोचतो.

एवढ्यानं सांधा टिकणार नाही. हाडाला हाड बांधून ठेवायला दोऱ्या लागतात. त्या दोऱ्या म्हणजे लिगामेंट, मराठीत अस्थिबंध. गुडघ्याच्या दोन्ही अंगांना मिळून दोन, आणि सांध्याच्या ऐन मध्यात दोन, एकमेकींना फुलीसारख्या छेदून गेलेल्या. या फुलीतली पुढची दोरी म्हणजे एसीएल. लांबी साधारण तीन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या पुढच्या पेराएवढी. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि गुडघ्याला आतल्या आत पिळू न देणं ही तिची दोन कामं. सरळ चालताना तिच्यावर फारसा ताण येत नाही. म्हणूनच ती तुटलेला माणूस ऑफिसला जातो, बाजार करतो, मोटारसायकल चालवतो आणि ‘बरा झालो’ असं समजतो. तिची गरज भासते ती अचानक थांबताना, वळताना, उडी मारून एका पायावर उतरताना. फुटबॉल, कबड्डी, बॅडमिंटन, बास्केटबॉल या खेळांत दुसरं काय असतं?

फुटबॉलमध्ये ही दोरी बहुतेक वेळा कुणाचाही धक्का न लागता तुटते. माझ्यासारखीच. कबड्डीत वेगळं घडतं: चढाई करणारा मध्यरेषेकडे झेपावतो, मागून घोटा धरलेला असतो, पाऊल जागचं हलत नाही आणि सगळं शरीर वळतं. कारण निराळं असलं तरी पीळ तोच. हल्ली तासावर मिळणाऱ्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, रात्री दहाला खेळायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बूट जमिनीला जितका घट्ट धरतो तितका हा पीळ गुडघ्यावर येतो. मातीवर जिथं पाय थोडा घसरून सुटला असता, तिथं लांब स्टडचा बूट टर्फमध्ये सुटत नाही.

या दोरीचं आणखी एक काम मला फार उशिरा कळलं. तिच्यात मज्जातंतूंची टोकं असतात आणि गुडघा कुठल्या कोनात आहे, किती ताणलाय, याची खबर ती मेंदूला सतत देत असते. ती तुटली की गुडघा थोडा आंधळा होतो. वीज गेल्यावर आपण आपल्याच घरात भिंत चाचपत चालतो तसं होतं. घर तेच असतं, पण पाऊल टाकायचा भरवसा जातो.

सूज काय सांगते

मुका मार, मुरगळणं, लचकणं, सांधा निखळणं, असे वेगवेगळे शब्द आपल्याकडे आहेत, पण मैदानावर सगळ्याला ‘लचकलं’च म्हणतात. तेव्हा दोन प्रश्न विचारायचे: आवाज आला होता का, आणि सूज किती वेळात आली? आवाज येऊन दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला असेल तर आत रक्तस्राव झालाय असं धरायचं, आणि त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण एसीएल तुटणं हेच. सूज सावकाश, दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली तर संशय बहुधा गादीवर जातो. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा गुडघा काटकोनात वाकत नसेल तर आधी एक्स-रे, हाड मोडलंय का ते पाहायला. आणि गुडघा एका जागी अडकून सरळच होत नसेल, तर फाटलेल्या गादीची कड मध्ये आली असण्याची शक्यता आहे. तिथं आठवडाभर वाट बघण्यात अर्थ नाही.

ताज्या दुखापतीवर चोळणं मात्र खरंच नको. आत रक्तस्राव चालू असताना चोळल्यानं तो वाढतो. बर्फाचा वाद जरा मजेशीर आहे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं ही चौकट 1978 मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरनं लोकप्रिय केली. पुढे साडेतीन दशकांनी त्यानंच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याला उशीरही होऊ शकतो. आज बहुतेक फिजिओ म्हणतात ते असं: पहिले एक-दोन दिवस वेदना कमी करायला बर्फ हरकत नाही, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा, पण झोपून राहू नका.

आता माझी दुसरी चूक. सूज उतरली म्हणजे दुखापत बरी झाली, असं मी समजलो. रक्त शोषलं गेलं, एवढंच झालं होतं. दोरी तुटलेलीच होती. उलट सूज असताना दुखतं म्हणून माणूस पाय जपतो. ती गेल्यावर जपत नाही. एसीएल नसलेला गुडघा प्रत्येक वेळी सटकताना वरचं हाड गादीवरून फरपटत जातं. माझी आतल्या बाजूची गादी अशीच चिरली.

याची पक्की तपासणी एमआरआयच्या आधी हातानंच होते. डॉक्टर गुडघा थोडासा वाकवतात, एका हातानं मांडी धरतात आणि दुसऱ्यानं नडगी पुढे ओढतात. शाबूत दोरी असेल तर थोडं सरकून ‘टच्’ असा अटकाव लागतो. माझ्या पायाला तो लागलाच नाही. ओल्या भिंतीत ठोकलेला खिळा ओढल्यासारखं ते हाड नुसतं पुढे येत राहिलं. डॉक्टरांनी दुसऱ्या, चांगल्या पायावर तेच करून दाखवलं तेव्हा फरक मला माझ्याच अंगात कळला.

आपोआप जुळत नाही का?

गुडघ्याच्या आतल्या बाजूची दोरी फाटली तर बहुतेकदा पट्टा लावून, काही आठवड्यांत, शस्त्रक्रियेशिवाय जुळते. मग हीच का नाही? कारण ही सांध्याच्या मध्यात, वंगणासारख्या द्रवात असते. जखम भरायला रक्ताची गुठळी जागेवर थांबावी लागते, तिच्यावरूनच नवं ऊतक पूल बांधतं. इथं ती टिकत नाही, आणि तुटलेली टोकं एकमेकांपासून लांब जातात. वर्षानुवर्षं पुस्तकांत एवढंच लिहिलेलं असे. अलीकडे त्याला थोडा तडा गेलाय. स्वीडनमधल्या एका अभ्यासातल्या रुग्णांचे एमआरआय पुन्हा तपासले तेव्हा शस्त्रक्रिया न करता फक्त व्यायामावर राहिलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या गुडघ्यात दोन वर्षांनी दोरी पुन्हा सांधल्याच्या खुणा दिसल्या. तेव्हा ‘कधीच जुळत नाही’ हे वाक्य आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण कुणाची जुळेल हे आधी सांगताही येत नाही.

पाया सूपचा विषय इथंच संपवतो. तीन वेगवेगळ्या माणसांनी मला रोज पाया सूप प्यायला सांगितलं, “लिगामेंट जुळतंय त्यानं.” सूप उत्तम असतं, मी प्यायलो. पण त्यातलं कोलेजन पोटात गेल्यावर डाळीतल्या प्रथिनासारखंच पचतं; ते गुडघ्याचा पत्ता विचारत जात नाही.

ऑपरेशन करायचं की नाही

या प्रश्नावर घराघरांत भांडणं होतात. माझ्या आईचं म्हणणं, चालता येतंय ना, मग चिरफाड कशाला. तालमीतल्या पोरांचं म्हणणं, टीव्हीवरचे सगळे करतात. दोघांच्याही मनात एक गृहीत सारखंच होतं: ऑपरेशन म्हणजे बरं होणं आणि ऑपरेशन नाही म्हणजे तसंच राहणं. ते गृहीतच चुकीचं आहे.

वर ज्या स्वीडिश अभ्यासाचा उल्लेख केला तो 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात 121 तरुण, खेळणारे लोक होते, व्यावसायिक खेळाडू नव्हते, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखे. निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली आणि मग व्यायाम. उरलेल्यांना आधी फक्त व्यायाम, आणि गुडघा तरीही सटकत राहिला तर पुढे शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी वेदना, हालचाल, खेळ, रोजचं जगणं या सगळ्यांत दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. पाच वर्षांनी पाहिलं तर दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्यांनी अखेर शस्त्रक्रिया करून घेतली होती. याचा अर्थ मी असा लावतो: बऱ्याच लोकांना शस्त्रक्रिया लागत नाही, बऱ्याच लोकांना लागते, आणि तुम्ही कुठले हे कळायला मन लावून केलेले तीन-चार महिन्यांचे व्यायाम लागतात. गुडघा अडकलेला असेल, गादी शिवण्याजोगी फाटली असेल किंवा एकाहून जास्त दोऱ्या तुटल्या असतील तर गोष्ट वेगळी; तिथं डॉक्टर थांबायला सांगणार नाहीत.

माझा एक मित्र, बँकेत आहे, त्याचीही एसीएल तुटली. त्यानं फुटबॉल सोडला, शस्त्रक्रिया केली नाही, सायकल आणि पोहणं धरलं. तो आज जोतिबाचा डोंगर माझ्या आधी चढतो. माझी गादी अडकत होती आणि गुडघा जिन्यावरही सटकायला लागला होता, म्हणून मी करून घेतली. दोघांचंही बरोबर होतं.

गंमत म्हणजे या दोरीच्या दुरुस्तीची पहिली नोंद खेळाडूची नाहीच. 1895 साली इंग्लंडात लीड्स इथं मेयो रॉबसन या शल्यविशारदानं कोळशाच्या खाणीतल्या एका 41 वर्षांच्या कामगाराच्या गुडघ्यातल्या दोऱ्या टाके घालून शिवल्या होत्या. त्याला चेंडू मारायचा नव्हता, खाणीत उतरायचं होतं.

आता टाके घालण्याऐवजी बहुतेकदा नवी दोरी बसवतात. ती तुमच्याच शरीरातून घेतात. खुर्चीत बसून टाच मागे दाबा आणि गुडघ्याच्या मागे आतल्या बाजूला हात लावा. ताठ झालेल्या दोन तारा लागतील. त्यांतली एक किंवा दोन काढून, घडी घालून जाड करतात. नाहीतर वाटीखालच्या जाड पट्टीचा मधला भाग घेतात. दुर्बिणीतून दोन्ही हाडांना बोगदे पाडून ती त्यांतून ओवतात आणि स्क्रू किंवा बटणानं पक्की करतात. माझं ऑपरेशन दीड तासात झालं. ‘झालं एकदाचं’ असं सगळे म्हणाले.

कलम जगायला वेळ लागतो

ग्राफ्ट म्हणजे कलमच. पण आंब्याच्या कलमाला खालून रस चढतो. इथं आणलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. सुरुवातीचे आठवडे तो आतून मरत जातो. मग त्याच्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात आणि महिनोन्‌महिने त्याला आतून पुन्हा विणतात. वेलासाठी आधी काटक्यांचा मांडव घालावा आणि वेल दाटेपर्यंत मांडवानं तग धरावा, तसं. कलम सगळ्यात कमजोर असतं ते शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास. आणि नेमकं तेव्हाच माणसाला बरं वाटायला लागतं! सूज गेलेली, टाके निघालेले, जिना चढता येतो, मित्र म्हणतात ‘पळून बघ की जरा’. ही सगळी दुखापत अशीच फसवते. दोन्ही वेळा, बरं वाटणं आणि बरं असणं यांच्यामध्ये मी सापडलो. दुसऱ्या वेळी निदान कुणीतरी आधी सांगून ठेवलं होतं.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्लो-डेलावेअर इथल्या 106 रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळायला परतणं जितके महिने लांबवलं, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्यामागे निम्म्यानं उतरत गेला. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के असणं हीही त्यातली महत्त्वाची खूण. नऊ महिने उलटलेत म्हणून मैदानात उतरू नका, ताकद मोजा. ऋषभ पंतची शस्त्रक्रिया जानेवारी 2023 मध्ये झाली आणि तो परत खेळला मार्च 2024 मध्ये. त्याच्या दिमतीला दिवसभर माणसं होती, तरी चौदा महिने लागले. आपण मात्र ऑफिस सुटल्यावर पंधरा मिनिटं पाय हलवतो आणि पाचव्या महिन्यात तारीख विचारतो.

मांडीचा प्रश्न मात्र विस्तारानं सांगायला हवा, कारण इथंच बहुतेक हौशी खेळाडू हरतात. गुडघ्यात सूज आली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडतं घ्यायला लावतो. तुम्ही कितीही जोर लावा, स्नायू अर्धवटच आवळतो. हा आळशीपणा नाही, शरीराचा प्रतिक्षेप आहे. दोनच आठवड्यांत मांडी दिसायला बारीक होते. मी वाटीच्या वर एक वीत अंतरावर शिंप्याची टेप लावून मापलं तर दोन मांड्यांत चार सेंटिमीटरचा फरक होता. पॅन्टचा एक पाय फडफडायचा.

माझी फिजिओ अगदी तरुण मुलगी होती. पहिल्या दिवशी घरी आली आणि आत पाऊल टाकताच म्हणाली, “काका, ती उशी कुणी ठेवली?” गुडघ्याखाली उशी ठेवून मी आरामात पडलो होतो. आईनंच प्रेमानं ठेवलेली. तिनं ती काढली आणि टाचेखाली ठेवली. गुडघा अधांतरी, आपल्याच वजनानं खाली ओढला जातोय, आणि मी दात-ओठ खातोय. “वाकवणं येतंच सगळ्यांना. सरळ होणं राहून जातं,” ती म्हणाली. गुडघा शेवटच्या पाच-सहा अंशांत सरळ झाला नाही तर माणूस कायम किंचित लंगडतो, मांडी कधीच पूर्ण आवळता येत नाही आणि वाटीमागे दुखायला लागतं. एवढं सगळं एका उशीमुळे. नंतर तिनं गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवली आणि ती चिरडायला सांगितली, दहा मोजेपर्यंत. पहिल्या दिवशी माझ्या मांडीत नुसती एक थरथर उमटली. म्हशीच्या अंगावर माशी बसल्यावर कातडी हलते तेवढी.

तिथून पुढचं सगळं एका रेषेत नव्हतं. पाय सरळ ठेवून उचलणं, खुर्चीतून हात न लावता उठणं, पायरीवर एका पायानं चढउतार, मग वजन, मग उड्या. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर एक पायरी मागे. नुसता स्नायू दुखला तर काही नाही, पुढे चला. दुखणं आणि इजा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अंगवळणी पडायला मला चार महिने लागले. पोटरी दुखून सुजली, किंवा ताप येऊन गुडघा गरम लाल झाला, तर मात्र व्यायाम-बियाम सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. पहिल्यात रक्ताची गुठळी असू शकते, दुसऱ्यात जंतुसंसर्ग.

परदेशी तक्त्यांत नसलेल्या चाचण्या

गुडघा किती सुधारला ते विचारणाऱ्या, बाहेरच्या देशांत तयार झालेल्या प्रश्नावल्यांत ‘गोल्फ खेळता का’ असं काहीबाही असतं. पंगतीत बसता येतं का, हे नसतं. देशी संडासात बसता येतं का, मोटारसायकलला किक मारता येते का, एसटीची उंच पायरी, देवघरासमोरची मांडी, सत्यनारायणाला दीड तास. माझी गादी शिवली होती, त्यामुळे पूर्ण उकिडवं बसायला कित्येक महिने बंदी होती; खोल वाकलेल्या गुडघ्यात भार पडला की शिवण उसवते. गावाकडच्या घरी कमोड नव्हता. वडिलांनी जुन्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचं बूड कापून सोय केली, आणि ती खुर्ची आजही परड्यात आहे. मांडी घालता यायला नऊ महिने लागले. आज घालतो, पण वीस मिनिटांनी पाय बदलावा लागतो, आणि लग्नात आता लाज न वाटता टेबलाकडे जातो.

नी-कॅपबद्दल लोक सतत विचारतात. ती दोरीचं काम करत नाही. तेवढी ताकद कापडात नसते. पण तिचा दाब कातडीला जाणवतो आणि गुडघा कुठं आहे याची थोडी खबर मेंदूला मिळते. धीर येतो. त्या खोट्या धीरावर पोरं मैदानात उतरतात, हा तिचा तोटा.

आणि मैदान? खूप रुग्णांचे अभ्यास एकत्र करून 2014 मध्ये काढलेला हिशेब सांगतो की शस्त्रक्रियेनंतर शंभरातले 81 कुठल्या ना कुठल्या खेळात परततात, पूर्वीच्या पातळीवर 65 आणि स्पर्धात्मक खेळात 55. मी उरलेल्यांतला. अकराव्या महिन्यात एका पायावरच्या उड्या दोन्ही बाजूंना सारख्या भरल्या, फिजिओनं हिरवा कंदील दाखवला, मी सरावाला गेलो आणि प्रत्येक वळणाआधी अर्धा क्षण थांबू लागलो. फुटबॉलमध्ये अर्धा क्षण थांबणारा माणूस म्हणजे खांब. या भीतीला औषध नाही असं नाही; हळूहळू सरावानं ती जाते, बऱ्याच जणांची जाते. मला तेव्हा पोरगी झाली होती आणि मी ती भीती घालवायला फार कष्ट घेतले नाहीत. पण सहा ते आठ ही वेळ रिकामी झाली, ते कितीतरी दिवस खुपत राहिलं. हे कुठल्याच डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं नसतं.

आता उरलेला गुडघा

एसीएल तुटलेल्या गुडघ्यात पुढे दहा-पंधरा वर्षांत झिजेची चिन्हं दिसण्याचं प्रमाण बरंच असतं. स्वीडनमधल्या फुटबॉल खेळणाऱ्या महिलांना दुखापतीनंतर बारा वर्षांनी तपासलं तेव्हा त्यांचं सरासरी वय 31 होतं आणि जवळपास निम्म्यांच्या एक्स-रेमध्ये संधिवाताच्या खुणा होत्या. शस्त्रक्रिया केल्यानं हे टळतं असं सिद्ध झालेलं नाही. गादी गेली असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणूनच मी त्या तीन आठवड्यांवर इतका चिडतो. नवी दोरी मिळाली. चिरलेल्या चुंबळीतला जो तुकडा शिवता आला नाही तो कापून टाकावा लागला, आणि तो परत येत नाही.

पण एक्स-रे आणि दुखणं यांचं गणित सरळ नाही. वाईट फोटो असलेली माणसं डोंगर चढतात आणि बऱ्या फोटोवाली कण्हतात. हातात असलेल्या दोनच गोष्टी खरोखर फरक पाडतात: मांडीची ताकद आणि वजन. एक किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, असं संधिवाताच्या रुग्णांवर मोजलं गेलंय. मिसळ सोडलेली नाही; बरोबरचा तिसरा पाव सोडलाय. आठवड्यातून तीन दिवस अजूनही पायरीवर एका पायानं उतरायचा व्यायाम करतो, कारण मला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. उतरताना मांडीचा स्नायू लांब होत होत ब्रेक लावतो, आणि वाटीवर सगळ्यात जास्त दाब तेव्हाच येतो. जोतिबावर येताना मी कठड्याच्या बाजूनं येतो. वेदनाशामक गोळी लग्नसराईत किंवा लांबच्या प्रवासात. रोजची सवय लावली तर पोट आणि मूत्रपिंडं हिशेब मागतात.

ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत त्यांच्यासाठी एकच गोष्ट. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या 1,892 फुटबॉलपटू मुलींवर झालेला, 2008 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. खेळाआधी वीस मिनिटांचा ठरावीक सराव: धावणं, मांडी आणि पोटाची ताकद, तोल, आणि उडीवरून उतरताना गुडघे वाकलेले, आत न कलणारे. गंभीर दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. याला पैसे लागत नाहीत. आमच्या वेळी सराव म्हणजे दोन फेऱ्या आणि ‘चला, टीम पाडा’.

गेल्या रविवारी पोरांचा सामना बघायला गेलो होतो. एकोणीस-वीसचा एक पोरगा एकटाच खाली बसला. धक्का नाही, काही नाही. बाहेर आणल्यावर आताचे आण्णा – माझ्याच वयाचे, माझ्याबरोबर खेळलेले – चोळायला वाकले. मी मध्ये हात घातला आणि पोराला विचारलं, “आवाज आला का रे?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “तुम्हाला पण ऐकू आला?”

काल त्याचा फोन आला. सूज उतरलीय, आता बरं वाटतंय, शनिवारी हलकं हलकं खेळू का, म्हणून विचारत होता. तपासणी बुधवारची ठरवलीय. तोवर आज संध्याकाळी घरी जाऊन येतो; त्याच्या आईनं गुडघ्याखाली उशी ठेवली असणार.